ताण आणि अमली पदार्थ: किशोरवयीन मुलांना हा संबंध कसा शिकवावा

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना ‘ताण आणि अमली पदार्थांचे सेवन’ हा विषय त्यांना चार तासिकांत शिकवायचा आहे. हाताशी असलेल्या साहित्यात ‘ताण सहन न झाल्यामुळे मुले व्यसनाकडे वळतात’ एवढाच उल्लेख आहे. हे वाक्य जसेच्या तसे शिकवले तर आपणच मुलांना वाट दाखवल्यासारखे होईल का, आणि भीती न घालता हा विषय मांडता येतो का, असे त्यांनी विचारले आहे.

आपली शंका अगदी रास्त आहे. किशोरवयीन मुलांसोबत व्यसनमुक्ती समुपदेशनाचे काम मी वीसहून अधिक वर्षे करतो आहे, आणि हे वाक्य मी असंख्य मुलांच्या तोंडून ऐकले आहे. ‘मला ताण होता, म्हणून घेतले’ असे मूल म्हणते, तेव्हा ते बहुतेक वेळा खोटे बोलत नसते. मोठ्यांनी शिकवलेले कारणच ते आपल्याला परत सांगत असते. या वाक्यात ताण हा आजार ठरतो आणि अमली पदार्थ हे नकळत त्यावरचे औषध ठरते. शिवाय ताण असूनही कोणत्याही नशेकडे न वळणारी जी बहुसंख्य मुले असतात, ती त्या वाक्यात कुठेच दिसत नाहीत. ती काय करतात, हे तर शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की पहिल्या तासिकेत अमली पदार्थांचा उल्लेखही करू नये. ती तासिका फक्त ताणासाठी ठेवावी. संकट समोर दिसले की काही क्षणांत अॅड्रेनालिन रक्तात येते, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो. त्यामागोमाग कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागते, साधारण वीस ते तीस मिनिटांत त्याची पातळी सर्वांत वर जाते आणि प्रसंग टळला की हळूहळू उतरते. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकशास्त्रात रूढ करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली आपला पहिला छोटा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे: ताणाची ही यंत्रणा मुळात जीव वाचवण्यासाठी आहे आणि थोड्या वेळासाठी चालू झाली तर ती उपयोगीच पडते. त्रास होतो तो ती बंद होत नाही तेव्हा. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणे वेगळे, आणि रोज घरी परतताना आज काय होईल या धास्तीने पोटात गोळा येणे वेगळे. हा फरक मुलांना एकदा कळला, की ‘मला टेन्शन आहे’ या एका शब्दाच्या पोटात किती निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ती स्वतःच बोलू लागतात.

या तासिकेत मी मुलांना कोऱ्या कागदावर माणसाची बाह्याकृती काढायला सांगतो आणि आपला ताण शरीरात कुठे बसतो, तिथे खूण करायला सांगतो. कोणी जबड्यावर करते, कोणी मानेवर, कोणी पोटावर. कारण विचारायचे नाही आणि कागद गोळा करायचे नाहीत. ज्याला आपला ताण ओळखता येत नाही, त्याला त्यावर उपायही निवडता येत नाही. मग जे आधी हाताशी येईल तेच तो घेतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘मी घाबरलो होतो’ हे शब्द समुपदेशनाच्या खोलीत उच्चारले आहेत. त्याआधी त्या सगळ्याला त्यांच्याकडे ‘डोके फिरले होते’ एवढेच नाव होते.

दुसऱ्या तासिकेत विषयाचा गाभा येतो, आणि तिथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. अमली पदार्थांमुळे ताण कमी होतच नाही, असे मुलांना सांगू नये. ते खरे नाही, आणि वर्गात एखाद्याने जरी अनुभव घेतलेला असेल तर आपल्या बाकी सगळ्या बोलण्यावरचा त्याचा विश्वास त्या क्षणी उडतो. दारू मेंदूतील शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते, त्यामुळे काही काळ भीती बोथट होते. अफूवर्गीय पदार्थ वेदना दाबतात, आणि त्यात मनाची वेदनाही आली. हा तात्पुरता आराम खरा असतो, हे वर्गासमोर स्पष्ट शब्दांत मान्य करावे. त्यानंतर फळ्यावर एक रेघ काढावी.

डावीकडून उजवीकडे वेळ आणि खालून वर ताण, असा साधा आलेख पुरतो. मधल्या उंचीवर रेघ सुरू करावी. पदार्थ घेतला की ती झपकन खाली येते. येथे थांबून मुलांना विचारावे, की आता पुढे रेघ कशी जाईल. बहुतेक जण ती पुन्हा सुरुवातीच्या उंचीवर नेतात. प्रत्यक्षात पदार्थाचा अंमल ओसरताना ती त्या उंचीच्याही वर जाते, कारण मेंदू आपला तोल राखण्यासाठी उलट दिशेने जोर लावत असतो. पदार्थ उतरून जातो, पण तो उलटा जोर काही काळ तसाच राहतो. बेचैनी, चिडचिड, झोप न लागणे ही त्याचीच रूपे. हे वारंवार घडले, की मुळात जिथून रेघ सुरू झाली ती पातळीच वर सरकते. आता पदार्थ घेतल्यावर मूल पूर्वीच्या साध्या, न घेतलेल्या दिवसाच्या पातळीपर्यंत कसेबसे येते आणि त्यालाच आराम म्हणू लागते. मुले ही रेघ स्वतःच्या हाताने वहीत काढतात तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती मी कोणत्याही भीतिदायक चित्रफितीनंतर पाहिलेली नाही.

यासाठी सर्वांत चांगले उदाहरण निकोटिनचे आहे, कारण मुलांच्या आसपास ते सहज दिसते आणि त्याचे चक्र छोटे असते. रक्तातील निकोटिनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. म्हणजे नियमित ओढणाऱ्याला दिवसातून अनेक वेळा तलफेची बेचैनी येते, तो ओढतो, बेचैनी शमते, आणि ‘सिगारेटने माझा ताण गेला’ अशी त्याची खात्री पटते. गेलेला ताण बव्हंशी मागच्या सिगारेटनेच आणलेला होता. २०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्या लोकांची चिंता, उदासी आणि ताण हे सोडल्यानंतर काही आठवड्यांनी ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेले त्यात आढळले. वाफेच्या उपकरणांतूनही (ई-सिगारेट) निकोटिनच शरीरात जाते आणि चक्र तेच राहते, हे सांगायला विसरू नये.

दारूबाबत झोपेचा मुद्दा मुलांना पटकन कळतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटक होते, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग अधिक जड वाटतो. गांजाविषयी मोठी मुले हमखास वाद घालतात. त्यांना घालू द्यावा. शिकागो येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात गांजातील मुख्य घटक अगदी कमी मात्रेत घेतलेल्यांना ताणाच्या प्रसंगी थोडे हलके वाटले, पण मात्रा जरा वाढली तेव्हा बेचैनी उलट वाढली. रस्त्यावरून आलेल्या पुडीत मात्रा किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते, एवढे सांगितले की पुढचे मुले स्वतः बोलतात. प्रत्येक पदार्थाची अशी जंत्री मात्र वाचून दाखवू नये. नावे, रूपे आणि घेण्याच्या पद्धती शिकवणे हा या तासिकांचा विषय नाही, आणि नमुने किंवा त्यांची चित्रे दाखवल्याने काहींचे कुतूहल तेवढे वाढते.

आता दुसरी दिशा. ताणातून पदार्थ, एवढेच आपण शिकवतो. पदार्थातून ताण कसा वाढतो हे राहून जाते. पैसे लपवणे, घरी खोटे बोलणे, जुने मित्र तुटणे, अभ्यास मागे पडणे, पकडले जाण्याची सततची धास्ती, हे सगळे नवे ताण आहेत, आणि ते शमवण्यासाठी मूल त्याच गोष्टीकडे परत जाते. त्यातच मेंदूमधील आनंदाशी जोडलेली डोपामाइनची यंत्रणा मंदावते आणि ताणाची यंत्रणा अधिक चिडकी होते, त्यामुळे पूर्वी ज्या खेळात किंवा गाण्यात मन रमायचे त्यात काही वाटेनासे होते. समुपदेशनाला येणारे मूल ‘मला मजा येते म्हणून घेतो’ असे क्वचितच म्हणते. ‘न घेतल्यास बरे वाटत नाही’ हे त्याचे वाक्य असते. सुरुवात मजेपासून झाली असली, तरी मुक्काम इथे आलेला असतो.

किशोरवयीन मेंदूविषयी बोलताना शब्द जपून वापरावेत. निर्णय तोलणारा, आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो, हे खरे आहे. पण ‘तुमचा मेंदू अजून अपुरा आहे’ असे ऐकवले, तर मुलांना तो अपमान वाटतो आणि तो असतोही. त्याऐवजी मी २००५ सालचा एक प्रयोग सांगतो. त्यात गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांच्या देखत खेळायला दिला होता. मोठ्या माणसांच्या खेळण्यात फारसा फरक पडला नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मात्र मित्र पाहत असताना कितीतरी अधिक धोके पत्करले. हे ऐकून मुले हसतात, एकमेकांकडे पाहतात, आणि मग कुणीतरी आपणहून म्हणते की एकटा असतो तर मी ते केले नसते. ताण आणि संगत हे दोन घटक एकत्र येतात ती संध्याकाळ ओळखायला मुलांना याच वाटेने शिकवता येते.

वर्गातली काही मुले खरोखरच फार कठीण परिस्थितीतून येत असतात, ही गोष्ट शिकवणाऱ्याने मनात सतत ठेवली पाहिजे. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बालपणातील प्रतिकूल अनुभवांच्या मोठ्या अभ्यासात, मारहाण, अवहेलना, घरातील व्यसन यांसारखे चार किंवा अधिक अनुभव असलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट आढळला. हा आकडा शिक्षकांसाठी आहे. तो वर्गात सांगितला, तर मागच्या बाकावरचे एखादे मूल मनातल्या मनात आपले अनुभव मोजेल आणि आपले भविष्य ठरलेलेच आहे असे समजेल. मोठा धोका म्हणजे निश्चित भवितव्य नव्हे, आणि हे त्या वयात नुसते सांगून पटत नाही. त्याच कारणाने घरातील परिस्थितीविषयी वर्गात कोणालाही प्रश्न विचारू नयेत, आणि ‘तुमच्या घरी कोण पिते’ हा प्रश्न तर कधीच नको.

सोळा वर्षांच्या मुलांना मी आवर्जून व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची हकीकत सांगतो. लढाईच्या ताणाखाली, हेरॉइन स्वस्त आणि सहज मिळत असताना, सुमारे २० टक्के सैनिक त्याच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले अवघे ५ टक्के निघाले, तीन वर्षांच्या काळात १२ टक्के. परिस्थिती बदलली, ताण उतरला, रोजची माणसे बदलली, आणि पदार्थाची पकड बहुतेकांच्या बाबतीत सुटली. ही हकीकत ‘एकदा घेतले की संपले’ या समजुतीला छेद देते. या समजुतीने भीती बसते असे मोठ्यांना वाटते. पण ज्याने एकदा घेतलेले आहे, त्याला ती परत फिरण्याचे कारणच ठेवत नाही. मात्र व्यसन आपोआप सुटते असा अर्थ मुलांनी काढू नये, म्हणून त्या सैनिकांना मायदेशी परतता आले होते, तुम्हाला तुमची परिस्थिती एका रात्रीत बदलता येणार नाही, आणि म्हणून माणसांची मदत घ्यावी लागते, हेही त्याच दमात सांगावे.

भीती घालण्याबाबत आपण विचारले आहे. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘डेअर’ हा अमली पदार्थविरोधी शालेय कार्यक्रम फार मोठ्या प्रमाणावर राबवला गेला; नव्वदच्या दशकात त्याच्या मूळ अभ्यासक्रमाची तपासणी झाली तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वर्तनावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही. त्यामागचा हेतू चांगला होता, गणवेशातील माणसे कळकळीने बोलत होती, मुलांना माहितीही मिळत होती. कमी पडत होता तो सराव. ताणाच्या क्षणी माणूस माहिती आठवत नाही, सवयीचे वागतो. त्यामुळे तिसरी तासिका पूर्णपणे सरावाला द्यावी.

सरावात नकार देणे येतेच, पण फक्त ‘नाही’ म्हणायला शिकवून भागत नाही. मित्राला न दुखावता विषय बदलणे, तिथून निघण्याचे कारण आधीच ठरवून ठेवणे, सोबत निघणारा एक जण पक्का करणे, हे छोट्या प्रसंगांतून करून पाहावे, आणि आग्रह करणाऱ्याची भूमिका शक्यतो शिक्षकाने करावी, म्हणजे कोणा मुलावर ती चिकटत नाही. त्यापुढे ताण हाताळण्याचा सराव. येथे ‘व्यायाम करा, छंद जोपासा’ असे मोघम बोलणे टाळावे. ताणाचे कारण बदलता येण्यासारखे असेल, तर कारणावर काम करायचे: राहिलेला अभ्यास दोन पानांच्या तुकड्यांत वाटायचा, शिक्षकांना मुदत मागायची. कारण आपल्या हातात नसेल, उदाहरणार्थ आईवडिलांचे भांडण, तर शरीर शांत करायचे आणि कुणाला तरी सांगायचे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यायचा, असे पाच मिनिटे वर्गातच करून पाहावे. छातीची धडधड कमी झालेली मुलांना मनगटावर बोट ठेवून मोजता येते. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि झोप तुटलेल्या मुलाला प्रत्येक ताण मोठा दिसतो, हेही याच ठिकाणी यावे.

तलफेविषयी एक गोष्ट मी प्रत्येक गटाला शिकवतो, मग त्यांनी काही घेतलेले असो वा नसो. तलफ लाटेसारखी येते: चढते, टोकाला जाते आणि न घेताही उतरते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. व्यसनातील घसरणीवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट यांनी या लाटेशी झुंज न देता ती निरखत थांबण्याचे तंत्र मांडले. मोबाइल हातात घेण्याच्या तीव्र इच्छेवर मुलांना हे घरी करून पाहता येते. इच्छा केव्हा वाढली, केव्हा उतरली, याची वेळ लिहून आणायला सांगावे.

मुले तीन प्रश्न विचारतीलच, त्यासाठी तयार असावे. मोठी माणसे घेतात मग आम्ही का नाही, या प्रश्नाला उत्तर वयाचे द्यावे, नैतिकतेचे नाही: सुरुवात जितकी लवकर, तितका पुढे व्यसन जडण्याचा धोका जास्त आढळतो, कारण मेंदू त्या काळात सवयी पक्क्या करत असतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचे काय, हा प्रश्न नाजूक आहे. वर्गात नैराश्याची किंवा चिंतेची औषधे घेणारे मूल असू शकते. मात्रा ठरवून, देखरेखीखाली घेतलेले औषध म्हणजे नशा नव्हे, आणि दुसऱ्याची गोळी आपण घेणे मात्र धोक्याचे आहे, असे नेमके सांगावे. आणि तिसरा, ‘माझ्या एका मित्राने घेतले आहे’ असा येतो. तो मित्र खुद्द विचारणाराही असू शकतो, म्हणून उत्तर त्यालाच दिल्यासारखे द्यावे.

एखादे मूल एकांतात येऊन खरेच सांगू लागले, तर पहिले वाक्य आधी ठरवून ठेवावे. मी म्हणतो, ‘तू सांगितलेस ते बरे केलेस.’ किती, कुठून, कोणाबरोबर हे नंतर. पूर्ण गुप्ततेचे वचन देऊ नये. जिवाला धोका असेल तर मला आणखी कोणाला तरी सांगावे लागेल, आणि ते तुला सांगूनच सांगेन, असे स्पष्ट करावे. रोज दारू किंवा झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या घेणाऱ्याने अचानक बंद करणे धोक्याचे ठरू शकते, झटकेही येऊ शकतात, म्हणून ‘आजपासून सोड’ असे वचन घेण्याऐवजी त्याला डॉक्टरांपर्यंत नेणे ही आपली जबाबदारी. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर त्या मुलाला त्या क्षणापासून एकटे सोडू नये.

आणि एक गोष्ट सर्व मुलांना, अपवाद न करता, चौथ्या तासिकेत शिकवावी. एखादा मित्र काही घेतल्यावर हाक मारून जागा होत नसेल, श्वास फार संथ किंवा घरघरता असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपू दे, उतरेल’ असे म्हणून निघून जायचे नाही. त्याला कुशीवर वळवायचे, जवळच थांबायचे आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवायची. दारू आणि गुंगीच्या गोळ्या एकत्र आल्या तर श्वास थांबू शकतो. शिक्षेच्या भीतीने मदत न बोलावल्यामुळे गेलेले मूल मी माझ्या कामात पाहिले आहे, आणि त्या मित्रांनाही पाहिले आहे जे दाराबाहेर उभे राहून ‘सांगावे की नाही’ यावर बोलत राहिले होते. मदत बोलावणाऱ्याला आधी शाबासकी मिळेल, चौकशी नंतर होईल, हे शाळेने आधीच ठरवून मुलांना जाहीर सांगावे. ते ठरलेले नसेल, तर या तासिकेपूर्वी मुख्याध्यापकांशी बोलून ठरवून घ्यावे.

चौथ्या तासिकेची शेवटची दहा मिनिटे मी एका चिठ्ठीसाठी राखून ठेवतो. आपल्यावर फार मोठा ताण आला तर ज्या एका मोठ्या माणसाकडे आपण जाऊ, त्याचे आपल्याशी असलेले नाते फक्त लिहायचे: मावशी, प्रशिक्षक, शेजारचे काका, कोणीही. स्वतःचे नाव घालायचे नाही. कोणी सुचत नसेल तर चिठ्ठी कोरीच घडी करून द्यायची. घरी जाऊन त्या उघडाव्यात आणि कोऱ्या किती आल्या ते मोजावे. माझ्या अनुभवात एकही कोरी चिठ्ठी न आलेला वर्ग क्वचितच असतो. पुढच्या आठवड्यात आपण आणि आपले एक-दोन सहकारी कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत बसणार आहात हे वर्गात सांगावे, ती वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, आणि कोणी आले नाही तरी त्या वेळी तिथे जाऊन बसावे. बहुतेक मुले पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फक्त दारावरून जातात आणि दिवा चालू आहे का ते पाहतात.